उभ्या डब्याची बॅटरी

१

उभ्या गाडीला बॅटरी कशाला हवी? तुम्हीच सांगा. जी गाडी कुठे जाणार नाही, जिच्या टायरांतली हवा कधीच उतरलीय, जिच्या चाकांना अडसर म्हणून दगडांची उटी लावलीय, तिला बॅटरी असली काय नि नसली काय! पण म्हैसूरजवळच्या येलवालला पवित्राच्या घरी या एवढ्याशा गोष्टीवरून दसऱ्याच्या आधी चांगलाच खल चालला होता.

गाडी म्हणजे मोटार नव्हे हं. जीपला मागून जोडायचं नि ओढत न्यायचं, असं दोन चाकांवरचं घर. पवित्राचे वडील अंबाजीराव मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्त झाल्यावर तिथल्याच एका वर्कशॉपात रोज जाऊन बसून त्यांनी ते बांधून घेतलं. आत पलंग, शेगडी, पाण्याचा पंप, डोक्यावर दिवे, सगळं कसं जिथल्या तिथे. बायकोला घेऊन देश हिंडायचा बेत होता. तेवढ्यात भवानीबाईंचं डायलिसिस सुरू झालं आणि बेत राहिला तो राहिलाच. त्या गेल्या, जीप विकली, आणि ते घर लेकीच्या कंपाउंडात भिंतीला लागून येऊन उभं राहिलं. घरात सगळे त्याला डबा म्हणत.

अंबाजीराव डब्यातच राहायचे. घरात खोली रिकामी होती, जावई रक्षित दहादा म्हणाला, "मामा, आत या की हो." ते म्हणायचे, "असू दे रे. इथं मी माझ्या गाडीत आहे." पवित्राने फार ताणलं नाही. आई गेल्यापासून तिच्या पोटात एकच भीती बसली होती, की अप्पाही असेच एक दिवस निघून जातील. अप्पा डोळ्यांसमोर असावेत, बाकी काही नको. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डब्याचं दार दिसायचं, तेवढ्यावर ती समाधानी होती.

तर बॅटरी. जुनी फुगली, तिच्यातून ॲसिडचा वास यायला लागला. नवी आणायची की नाही?

रक्षित विमा कंपनीत, त्याचं सगळं बोलणं हिशेबशीर. "घरातून वायर गेलीय. आतला चार्जर करंट बदलून दिव्यांना देतो, पंपाला देतो. बॅटरी सुम्ने, उगाच ओझं."

"आणि करंट गेला तर?" पवित्राने विचारलं.

"टॉर्च आहे की."

अंबाजीराव कॉफी पीत ऐकत होते. "गाडी आहे ती," एवढंच म्हणाले. "गाडीला बॅटरी असावी."

शेवटी बॅटरीवाले नरसिंहमूर्ती आले. घरी मराठी बोलणारेच, पण त्यांच्या बोलण्यात निम्मं कन्नड. वाकून बघितलं नि हात झटकले. "ब्रेक विजेचा आहे, करंट असला तरी त्याची तार बॅटरीवरच. अंबाजीरावांनी ब्रेक दाबूनच ठेवलाय, बघा. पण निंतिरो गाडीला, उभ्या गाडीला, ब्रेक कशाला? बेडा, नको. काढून टाका."

खंडेनवमीचा दिवस होता. दुकानाची पूजा मांडायची म्हणून ते घाईत होते. त्यांनी जुनी बॅटरी उचलली, स्कूटरवर ठेवली नि गेले. दिवे तसेच लागले, पंप तसाच घरघरला. कुणाचं काही बिघडलं नाही.

२

आता या घरातली खंडेनवमी म्हणजे काय, ते सांगायला हवं. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, त्यामुळे देव्हाऱ्यापुढे अजून एक गंजकी तलवार निघते. तिच्या पंगतीला कात्री, विळी, रक्षितचा लॅपटॉप, पवित्राच्या शाळेच्या कपाटाच्या चाव्या. आणि अंगणात वाहनं. त्यांना हार, भस्म, कोहळा फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची. दुसऱ्या दिवशी, दशमीला, पूजेचं प्रत्येक वाहन गावाची शीव ओलांडून बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडापर्यंत न्यायचं. त्यात सूट नाही. एका वर्षी मोटारसायकल सुरू होईना, तर रक्षितने ती ढकलत नेली होती.

डब्याला मात्र कधी लिंबू ठेवलं नव्हतं. भवानीबाई असताना त्या उंबऱ्यावर हळदकुंकू लावायच्या नि म्हणायच्या, "आत चूल पेटते ती खोली. खोलीला कशाला लिंबू?"

या वर्षी पवित्राला वाटलं, बॅटरी काढली तेव्हा अप्पा काही बोलले नाहीत, पण तोंड उतरलंच होतं त्यांचं. निदान पूजा तरी थाटात करावी. तिने डबा धुऊन काढला, झेंडूची माळ बांधली, कोहळा फोडला आणि दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं.

अंबाजीराव दारातून बघत होते. खूश झाले. "लिंबू ठेवलंस होय? मग उद्या न्यायला लागणार मला."

"कशाने न्यायचं, अप्पा? बैल आणू?"

"आण की!" म्हणाले नि मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले होते. पवित्राला फार बरं वाटलं.

दशमीला कार नि मोटारसायकल बन्नीला जाऊन आली. डबा काय जाणार! पाकळ्या झाडायला म्हणून ती केरसुणी घेऊन गेली, तर दोन्ही लिंबं चपटी झालेली. साल जमिनीला चिकटलेली, बिया बाहेर. आणि ती चाकांच्या पुढे नव्हती, मागे होती.

"घूस," रक्षित म्हणाला. "येलवालात घुशी काय कमी आहेत?"

असेल, म्हणाली ती. घुशीने लिंबू नुसतं दाबलं, खाल्लं का नाही, हा प्रश्न तिने विचारला नाही. चाकांना लावलेले दगड जागच्या जागी होते, टायर पूर्वीसारखेच जमिनीवर बसलेले.

३

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती अप्पांना कॉफी न्यायची. पितळी लोटा नि त्याखाली वाटीसारखा डबरा, वर फेस. दसऱ्यानंतर एक दिवस तिने कॉफी टेबलावर ठेवली आणि तिचं लक्ष गेलं. कॉफी एका बाजूला चढली होती. मग सावकाश सरळ झाली, मग दुसऱ्या बाजूला गेली.

तिने टेबलावर हात ठेवला. टेबल स्थिर. भिंतीला हात लावला, स्थिर. खुंटीवरचा झारा मात्र हलके हलके झुलत होता, त्याच्या शेजारचा डावही, दोघे एकाच तालात.

"अप्पा, डबा खचतोय की काय?"

"छे गं. वळण आहे," अंबाजीराव म्हणाले नि लोटा उचलून घोट घेतला.

संध्याकाळी रक्षितने पाणसळ आणली. इथे ठेव, तिथे ठेव, सगळीकडे बुडबुडा मधोमध. "उलट घरापेक्षा हाच सपाट आहे. जॅक काय मजबूत केलेत मामांनी!"

पण पवित्राची नजर आता चिकित्सक झाली होती. अप्पा पलंगावरून उठून शेगडीपर्यंत जाताना कपाटाला धरून जायचे. पाय फाकवून उभे राहायचे. खाली उतरून अंगणात आले की त्यांची चाल नेहमीची, ताठ. ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. कान तपासले, रक्तदाब बघितला, तोल बघितला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. थोडं विसरतील, थोडं काहीबाही बोलतील, लक्ष ठेवा.

लक्ष तर ती ठेवतच होती! परत येताना कारमध्ये तिने विचारलं, "अप्पा, डब्यात चक्कर येते का?"

"चक्कर कसली? झोप इतकी छान लागते म्हणून सांगू. पाळण्यात घातल्यासारखी." मग म्हणाले, "तुझ्या आईला मात्र लागली असती गाडी."

त्यांचा चेहरा तजेलदार झाला होता. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

४

मग ते जेवायला घरात येईनात. आधी रात्रीचे, मग दुपारचे. पवित्रा खिडकीतून हाका मारायची, त्या त्यांना ऐकू जायच्या नाहीत. म्हणून एका रविवारी तिने फोन लावला.

बिसीबेळेभात पानात वाढलेला, खिडकीतून डबा समोर दिसतोय, पडदा हलतोय. फोनमध्ये बाई बोलली, की आपण ज्या ग्राहकाला फोन केलाय ते सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत. म्हैसूरला ही बाई कन्नड बोलते. ही मराठी बोलत होती. तेही आपल्या घरातलं मराठी नव्हे, तिकडचं, पुण्याबिण्याकडचं, स्वच्छ.

पवित्राने फोन रक्षितच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला. "कंपनीने भाषा बदलली असेल," म्हणाला. मग स्वतःच्याच नंबरवर तिच्या फोनवरून लावून बघितला, स्वतःचा बंद करून. तिथे बाई कन्नडच बोलली. "मामांच्या सिमचा घोळ आहे. उद्या बघतो." त्याने पुढे जेवण सुरू केलं, पण घास सावकाश जात होता.

तिने पुन्हा लावला. या वेळी लागला.

"हॅलो? पवी? मोठ्याने बोल, घाटात आहोत."

"अप्पा, भात गार होतोय. या ना."

"काय? अगं, तुम्ही जेवा."

"अप्पा, अंगण ओलांडून यायचंय फक्त. उतरा नि या."

पलीकडे खरखर झाली, मोठा ट्रक शेजारून जावा तशी. मग अप्पांचा आवाज आला, समजावणीचा, लहानपणी तिला शाळेत सोडताना असायचा तसा. "अशी काय करतेस? चालत्या गाडीतून कसा उतरू गं?"

ती फोन तसाच टाकून धावली. डब्याचं दार उघडलं तर अप्पा पलंगावर बसून संत्रं सोलत होते. "ये," म्हणाले. "दार लाव, धूळ येते."

येलवालात त्या दिवशी वारा नव्हता. सालं टाकायच्या वर्तमानपत्रावर मात्र बारीक लाल माती साठली होती. तिने बोटाने ती पुसली. आपल्याकडेही माती लालच, असं तिने स्वतःला सांगितलं.

५

तिने शाळेतून रजा काढली. आपण रोज शहाण्यासुरत्या मुलांना गणित शिकवतो, आपल्याला एका डब्यात बसून काय होतंय ते बघता येऊ नये? भरदुपारी ती अप्पांच्या समोर जाऊन बसली. दाराकडच्या खिडकीतून आपलं अंगण दिसत होतं, दोरीवरचे कपडे, रक्षितची मोटारसायकल. भिंतीकडच्या खिडकीला पडदा होता. त्या बाजूला कंपाउंडची भिंत हातभर अंतरावर, बघायला काही नाहीच, म्हणून तो पडदा कधी कुणी सरकवलाच नव्हता.

अंबाजीराव त्या पडद्याकडे तोंड करून बसले होते. पडदा पातळ. त्यातून ऊन येत होतं, त्यांच्या गालावर पडत होतं. मग सावली आली. मग ऊन. मग सावली. एकापाठोपाठ एक, सारख्या अंतराने, रस्त्याच्या कडेची झाडं मागे पडत जावीत तशी. अप्पांचे डोळे त्या सावल्यांबरोबर थोडे सरकायचे नि परत जागेवर यायचे.

त्या बाजूला झाड नव्हतं.

तिने हात पडद्यापर्यंत नेला. बोटं कापडाला लागली. ते गरम होतं आणि किंचित थरथरत होतं. सरकव की गं, भिंतच तर आहे पलीकडे, असं ती स्वतःला म्हणत होती. हात काही पुढे जाईना. भीती वाटत होती तिला, सरळ सांगायचं तर जीव जाईल इतकी भीती वाटत होती.

"अप्पा, कुठे चाललोय आपण?"

"बघू की," ते म्हणाले. "किती छान चाललंय. तू कशाला आलीस पण? तुझी शाळा, तुझं घर. रक्षित एकटा पडेल."

"तुम्हाला न्यायला आले."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

पवित्रा उठली, दार उघडलं, समोर आपलं अंगण होतं, आपली फरशी. तिने पाय टाकला आणि फरशी तिच्या पायाखालून मागे गेली. ती चार पावलं धावत जाऊन तोंडावर आपटली. घाईत बसमधून उतरलं की होतं ते. दोन्ही गुडघे सोलवटले. वळून बघितलं तर डबा तिथेच उभा, झेंडूची वाळकी माळ देखील हलत नव्हती. खिडकीत अप्पा होते. ते हात हलवत होते, सोडायला आलेल्या माणसाला हलवतात तसा.

६

त्याच दिवशी तिने नरसिंहमूर्तींना बोलावलं. रक्षितला विचारलंही नाही.

"बाई, मी सांगितलं होतं की हो, उभ्या गाडीला लागत नाही."

"लावा तुम्ही."

"अल्ला, तसं नव्हे, पण कशाला?"

"ब्रेकला."

मूर्तींनी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. नवी बॅटरी पेटीत बसवली, एक तार आवळली. दुसरी तार लावताच ठिणगी उडाली.

खालून आवाज आला. लोखंडावर लोखंड घासत गेल्याचा, लांबलचक, कर्कश. आत भांडी धडाधडा पडली, सगळी पुढच्या बाजूला. डबा एकदा नाक खाली घालून वर आला आणि स्थिर झाला. मूर्ती पाना टाकून मागे सरकले. "ब्रेक लागला," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

पवित्राला मात्र रडू फुटलं, आनंदाने. थांबली! गाडी थांबली! ती डब्याच्या बंद दारापाशी जाऊन ओरडली, "अप्पा, थांबली हो गाडी! या आता!"

आतून अप्पांचा आवाज आला, प्रसन्न. "थांबली का? बरं झालं. जरा पाय मोकळे करून येतो."

"या, या!"

त्यांच्या चपलांचा आवाज झाला. कडी सरकली. दार करकरत उघडलं. पवित्रा दारासमोरच उभी होती, हात पुढे करून. डब्याला एकच दार. तिच्या पुढ्यातलं ते दार बंदच होतं.

तिने ते ओढून उघडलं. पलंगावर घडी घातलेली शाल. फरशीवर भांडी. चपला नव्हत्या. अप्पा नव्हते.

भिंतीकडच्या खिडकीचा पडदा धक्क्याने वीतभर सरकला होता. त्या फटीतून तिला दिसलं. डांबरी रस्ता, दुपारचं ऊन, पलीकडे एका मोठ्या झाडाखाली चहाची टपरी. रस्ता ओलांडून एक म्हातारा माणूस तिकडे चालला होता. पांढरा सदरा, ताठ चाल. टपरीच्या बाकावर आधीपासून कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, त्यांनी सरकून जागा केली. माणूस बसायच्या आधी खिसा चाचपायला थांबला.

"अप्पा!" पवित्राने काचेवर हात आपटला.

काचेपलीकडे कंपाउंडची भिंत होती, हातभर अंतरावर, शेवाळलेली.

७

पुढे जे करायचं ते सगळं केलं. पोलीस आले. फाटकावरच्या कॅमेऱ्यात बाहेर गेलेलं कुणी नव्हतं. मूर्तींनी सांगितलं, मी फक्त बॅटरी लावली, आतून आवाज ऐकला, दुसरं मला काही ठाऊक नाही. रक्षितने बन्नूरपर्यंतचे सगळे बसथांबे पालथे घातले, रोज फोटो दाखवत फिरला. चांगला माणूस तो. बायको रात्री झोपत नाही, म्हणून तोही झोपत नव्हता.

पवित्रा शाळेत परत जायला लागली. कॉफी दोघांपुरतीच करायची सवय तिने लावून घेतली नाही, अप्पांचा लोटाही रोज भरायची. संध्याकाळी डब्यात जाऊन बसायची. भांडी लावून ठेवली होती, पलंगपोस बदलला होता. सावल्या आता हलत नव्हत्या. पडद्यावर एकाच मोठ्या झाडाची सावली पडलेली असायची, फांद्यांसकट, भरदुपारी आणि दिवे लागल्यावरही. पडदा सरकवला की भिंत.

हिवाळा सरला. एका संध्याकाळी करंट गेला, सगळं येलवाल अंधारलं. रक्षित टॉर्च घेऊन अंगणात आला. डब्यातले दिवे लख्ख जळत होते. दार सताड उघडं होतं आणि पवित्रा खाली बसून बॅटरीची टोकं फडक्याने पुसत होती, मग बाटलीतून डिस्टिल्ड वॉटर घालत होती, सांडू न देता, अगदी जपून.

तो तिच्याजवळ बसला. किती दिवस मनात होतं ते आज हळूच बोलला. "पवी, ही काढू या आता. घरातल्या इन्व्हर्टरला लावू. उभ्या डब्याला कशाला हवी बॅटरी?"

तिने आधी बाटलीचं बूच लावलं, हात पुसले, तार घट्ट आहे ना ते ओढून बघितलं.

"अप्पा खाली उतरलेत, रक्षित," ती म्हणाली. "गाडी हलली तर ते परत चढणार कशात?"